वाटेत कुणीतरी ती वाचली

जीमेलमध्ये फोटो किंवा पीडीएफ जोडलेली एखादी ईमेल उघडा. पत्राच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली की एक यादी उघडते आणि तिच्यात ‘शो ओरिजिनल’ असा एक पर्याय दिसतो. बहुतेक जण तिकडे जन्मात कधी फिरकत नाहीत. एकदा फिरकून पाहा. आधी पत्ते, तारखा, कुठल्या सर्व्हरने कुणाकडे पत्र सोपवलं याच्या नोंदी दिसतील. मग पाठवणाऱ्याचा दोन ओळींचा मजकूर. आणि त्याखाली रोमन अक्षरंच अक्षरं: मोठी, छोटी, मध्येच आकडे, एखादं अधिकचिन्ह, एखादी तिरकी रेघ. त्यात शब्द नाही, विराम नाही, कुठे जागा सोडलेली नाही. बहुतेकदा प्रत्येक ओळ मोजून ७६ अक्षरांची. फाइल एक एमबीची असेल तर अशा सुमारे १८ हजार ४०० ओळी.

हा तो फोटो. किंवा ती पीडीएफ.

ईमेलमध्ये पत्राला काही जोडलेलं नसतंच. पडद्यावरचं ते क्लिपचं चित्र केवळ आपल्या समाधानासाठी आहे. फाइल आधी अक्षरांत उतरवली जाते, ती अक्षरं पत्राच्या पोटात लिहिली जातात आणि पलीकडचा कॉम्प्युटर ती वाचून फाइल पुन्हा घडवतो. लग्नाचा फोटो असो, जमिनीचा सातबारा असो की आठ पानी करारनामा, सगळं अक्षरी होऊनच जातं. हे एकदा लक्षात आलं की ‘फाइल करप्ट आली’ या रोजच्या तक्रारीचा अर्थच पालटतो. फाइल सहसा वाटेत आपटून फुटत नाही. वाटेत कुणीतरी तिला मजकूर समजून वाचतं आणि वाचता वाचता नीटनेटकी करतं.

असं का व्हावं, याचं मूळ ऑगस्ट १९८२ मध्ये आहे. जॉन पोस्टेल यांनी तेव्हा ईमेल पोचवण्याचे नियम लिहून काढले. एसएमटीपी या नावाने ते थोड्याफार बदलांसह आजही चालू आहेत. हे नियम माणसांनी टंकलेल्या इंग्रजी पत्रांसाठी होते. एका अक्षराला सात बिट, म्हणजे एकूण १२८ चिन्हं (या संचाला आस्की म्हणतात): इंग्रजी वर्णमाला दोन आकारांत, आकडे, विरामचिन्हं आणि काही अदृश्य सूचना. एक ओळ जास्तीत जास्त हजार चिन्हांची, तीही ओळ संपल्याच्या दोन अदृश्य चिन्हांसकट. आणि एखाद्या ओळीत फक्त एक टिंब आलं की पत्र संपलं.

मग कुणी खरोखरच एका ओळीत एकटं टिंब लिहिलं तर? तर टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीत पाठवणारा सर्व्हर एक जादा टिंब घालतो आणि घेणारा ते काढतो. जुन्या युनिक्स यंत्रांवर सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक साठवली जात आणि ‘फ्रॉम’ हा शब्द व त्यापुढे मोकळी जागा अशी ओळ आली की तिथून नवं पत्र सुरू, असा संकेत होता. म्हणून तुमच्या मजकुरात तशी ओळ आली तर तिच्याआधी एक बाणासारखं चिन्ह टोचलं जाई. काही सर्व्हर फार लांब ओळ दिसली की ती तोडत आणि तोडल्या जागी उद्गारचिन्ह ठेवत. ओळीच्या शेवटची फालतू वाटणारी मोकळी जागा तर कुणीही पुसून टाकी. पत्र वाचणाऱ्या माणसाला यातलं काही जाणवतही नसे.

फाइलीचं मात्र तसं नसतं. तिच्यातला प्रत्येक बाइट आठ बिटांचा, म्हणजे २५६ किमतींपैकी कुठलीही किंमत. तिला ओळी नाहीत, टिंबं नाहीत. पण योगायोगाने तिच्यात १० ही किंमत आली की जुन्या सर्व्हरला ती ‘ओळ संपली’ अशी दिसते. छापखान्यात एखाद्या सज्जन मुद्रितशोधकाच्या हाती तिजोरीच्या कुलपाचे आकडे लिहिलेला कागद पडावा आणि त्याने त्यातली अंकांची ‘चुकीची’ पुनरावृत्ती सुधारून द्यावी, असा तो प्रकार. हेतू शंभर टक्के चांगला आणि तिजोरी कायमची बंद.

उपाय एकच होता: फाइल अशा वेशात पाठवायची की वाटेतल्या कुणालाच तिच्यात सुधारण्याजोगं काही सापडू नये. एसएमटीपीच्याही आधी, १९८० मध्ये, बर्कली विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी ‘यूयूएनकोड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो फाइलीचे बाइट साध्या चिन्हांत बदलून देई. कल्पना सुरेख, पण वापरलेल्या चिन्हांत मोकळी जागाही होती, आणि ओळीअखेरची मोकळी जागा पुसण्याची सवय सर्व्हरांना आधीपासूनच होती. नंतर तिच्या जागी दुसरं चिन्ह आलं. तरी घोळ संपेना, कारण आयबीएमची मोठी यंत्रं एब्सिडिक नावाची निराळीच वर्णमाला वापरत. एका जाळ्यातून दुसऱ्यात जाताना पत्राचं लिप्यंतर होई आणि चौकोनी-महिरपी कंस वगैरे चिन्हं भलत्याच रूपात बाहेर पडत. युरोपातल्या काही देशांनी तर त्याच कंसांच्या जागी आपापली खास अक्षरं बसवली होती.

अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेतले नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि इनोसॉफ्टचे नेड फ्रीड यांनी हा गुंता सोडवला. त्यांची माइम नावाची पद्धत जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच, ११ मार्च १९९२ रोजी, बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीची पहिली नामांकित अटॅचमेंट पाठवली होती. तिच्यात काय होतं? चार जणांच्या एका हौशी गायनचमूचा फोटो आणि त्या चमूने ईमेलविषयीच रचून गायलेल्या एका विडंबनगीताचं ध्वनिमुद्रण. चौघांत बोरेनस्टाइन स्वतः होते, आणि टेलिफोन कंपन्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली माणसं म्हणून चमूचं नाव ‘टेलिफोन कॉर्ड्स’. एवढी मोठी यंत्रणा मार्गी लावण्यासाठी गाण्याची टिंगलटवाळी निवडणारी माणसं मला मनापासून आवडतात.

या पद्धतीतला बेस-६४ हा भाग खास पाहण्याजोगा. तीन बाइट घ्या, म्हणजे २४ बिट झाले. त्यांचे सहा-सहाचे चार तुकडे करा. सहा बिटांच्या ६४ किमती होतात, म्हणून ६४ चिन्हं हवीत: २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, १० आकडे, अधिक आणि तिरकी रेघ. शेवटी काही उरलं तर भरपाईला बरोबरचं चिन्ह. ही ६५ चिन्हं अतिशय चोखंदळपणे निवडली आहेत: ती आस्कीच्या सगळ्या देशी आवृत्त्यांत आणि एब्सिडिकच्याही सगळ्या आवृत्त्यांत तीच राहतात. त्यांत टिंब नाही, म्हणून पत्र मध्येच संपत नाही. मोकळी जागा नाही, म्हणून पुसण्यासारखं काही नाही आणि ‘फ्रॉम’नंतरची जागाही तयार होत नाही. ओळ ७६ अक्षरांची, म्हणून तोडायचं कारण नाही. जगातल्या तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांच्या खोडी गोळा करून त्या सगळ्यांना वळसा घालत काढलेली ही वाट आहे.

किंमत अर्थात मोजावी लागते. तीनाचे चार होतात, वर ओळींची चिन्हं, म्हणून फाइल पत्रात शिरताना सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. सर्व्हरची मर्यादा २५ एमबीची असेल आणि तुमची १९ एमबीची फाइल परत आली, तर सर्व्हरचा हिशेब बरोबरच आहे.

एवढा बंदोबस्त असूनही फाइली बिघडतात, कारण मुद्रितशोधक आता वेशीच्या आत आले आहेत. आजचे सर्व्हर बेस-६४ ला सहसा धक्का लावत नाहीत. घात होतो तो वेश चढवण्याआधी किंवा उतरवल्यानंतर: ऑफिसातलं बिलं आपोआप पाठवणारं सॉफ्टवेअर फाइलीला मजकूर म्हणून उघडतं, व्हायरस तपासणारी यंत्रणा पत्राची पुन्हा बांधणी करते, डाउनलोड अर्ध्यावर तुटतं. गुन्हेगार निरनिराळे आणि प्रत्येकाच्या हाताचे ठसेही निरनिराळे. ते ठसे वाचता येतात, हा या सगळ्यातला मला सर्वांत रोमांचक वाटणारा भाग.

काही फाइलींनी तर हे ठसे पकडण्याची सोय जन्मतःच करून ठेवली आहे. पीएनजी हा चित्रांचा प्रकार १९९५ मध्ये आखला गेला, तेव्हा असले अपघात रोजचे होते. प्रत्येक पीएनजीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे नुसतं पी, एन, जी. पहिला १३७ मुद्दाम १२७ च्या वर आहे: वाटेत कुणी आठवा बिट छाटला तर १३७ चे ९ होतात आणि चोरी उघड. १३ आणि १० ही जोडी म्हणजे विंडोजच्या पद्धतीने ओळ संपणं. कुणी ती जोडी नुसत्या १० वर आणली तर लगेच कळतं. शेवटचा सुटा १० नेमका उलट कामासाठी आहे: सुट्या १० ची कुणी जोडी केली तर तो पकडतो. आणि २६? जुन्या डॉसमध्ये तो ‘फाइल संपली’चा संकेत. चुकून कुणी चित्र मजकूर म्हणून पडद्यावर छापायला घेतलं, तर तिथेच थांबावं आणि पडदा कचऱ्याने भरू नये म्हणून. आठ बाइटांत चार सापळे! पीडीएफच्या नियमांतही अशीच शिफारस आहे: पहिल्या ओळीखाली १२८ किंवा त्याहून मोठ्या किमतींची किमान चार चिन्हं असलेली एक निरर्थक ओळ ठेवावी. वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. वाटेतल्या प्रोग्रॅमने फाइलीला मजकूर समजू नये, एवढ्यासाठी ती तिथे आहे.

तेव्हा फाइल उघडत नाही म्हटल्यावर आधी तिचं आकारमान बाइटमध्ये पाहा आणि पाठवणाऱ्यालाही मूळ फाइलीचं विचारा. एमबीत नको, बाइटमध्येच. विंडोजवर फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेलं की तो आकडा मिळतो.

आकारमान किंचित वाढलं असेल, साधारण एमबीमागे चार हजार बाइट, तर ओळींची गडबड. दाबून लहान केलेल्या फाइलीत २५६ किमती जवळपास सारख्याच वेळा येतात, म्हणजे दर २५६ बाइटांत सरासरी एक १० असतो. त्या प्रत्येकाला १३ ची जोड मिळाली की एक एमबीत सुमारे ४,०९६ बाइट वाढतात. हे गणित जुळलं की मी तरी पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमवर बिनदिक्कत आरोप ठेवते.

आकारमान दीडपटीच्या वर, दुपटीकडे गेलं असेल तर कुणीतरी फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतला मजकूर म्हणून वाचली. त्या पद्धतीत न बसणारा प्रत्येक बाइट काढून तिथे ‘हे मला कळलं नाही’ असं सांगणारं चिन्ह बसवलं जातं, काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, आणि ते तीन बाइटांचं असतं. गंमत म्हणजे बेस-६४ मध्ये हेच तीन बाइट ७७+९ असे दिसतात. पत्राच्या मूळ रूपात ७७+९ पुन्हा पुन्हा दिसायला लागलं, तर ती फाइल वाचवण्याचा नाद सोडा. निरनिराळ्या कितीतरी किमतींच्या जागी एकच चिन्ह बसलं आहे, आता कुठे काय होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मूळ प्रत पुन्हा मागवणं हाच इलाज.

आकारमान घटलं असेल तर शेपूट तुटलं. इथे फाइलींचे स्वभाव कळतात. जेपीईजी फोटो वरून खाली रचला जातो, म्हणून अर्धा पोचला तरी वरचे चेहरे दिसतात आणि खाली करडा पट्टा. झिपचं उलट: आत काय काय आहे याची सूची अगदी शेवटी असते. म्हणून ९९ टक्के फाइल हाती असूनही साधी प्रणाली ‘ही झिप नाहीच’ म्हणून मोकळी होते. पीडीएफमध्येही कुठली वस्तू कुठे आहे याचा तक्ता बहुधा शेवटीच लागतो, पण ती वाचणारे बरेच प्रोग्रॅम तो तक्ता नव्याने बांधायचा प्रयत्न करतात आणि पुष्कळदा जमवतातही.

मग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली ओळ पाहा. पीडीएफ असेल तर टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं हवीत. वर्डची किंवा एक्सेलची २००७ नंतरची फाइल असेल तर पी आणि के. ही फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरची आद्याक्षरं. झिपचा साचा त्याने १९८९ मध्ये आणला आणि वर्डची फाइल आतून झिपच असते, त्यामुळे जगातला प्रत्येक ताजा अर्ज, अहवाल आणि दिवाळी अंकाचा लेख त्याच्या नावाने सुरू होतो. या जागी ‘एचटीएमएल’ दिसलं तर तुम्ही फाइलीऐवजी एखाद्या लॉगिनचं पान उतरवून घेतलं आहे. दुव्यावरून उतरवलेल्या फाइलींत हे फार होतं. आणि पहिली अक्षरं मोठ्या लिपीतली जे, व्ही, बी, ई, आर अशी असली तर खुशाल आनंद माना. ती पीडीएफ शाबूत आहे, फक्त वेश उतरवायचा राहिलाय. बेस-६४ उलगडणाऱ्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममधून ती जशीच्या तशी बाहेर येते.

आपल्या भाषेपुरती यात एक खास मौज आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि बेस-६४ तीन-तीन बाइटच घेतं. म्हणून देवनागरीत दिलेलं फाइलीचं नाव बेस-६४ होऊन पत्रात शिरलं की दर चिन्हाला अचूक चार अक्षरं पडतात, आणि त्यातली पहिली दोन नेहमी ४ आणि के, तिसरं एस किंवा डब्ल्यू. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून वीस अक्षरं आणि पाचदा ‘४के’. एखाद्या अटॅचमेंटचं नाव भलतंच लांबलचक रोमन दिसलं आणि त्यात ‘४के’चा ठेका ऐकू आला, तर आत मराठी नाव आहे, एवढं न उलगडता सांगता येतं. नावाच्या एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. नाव लांबलं आणि पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने ते चिन्हाच्या मधोमध तोडलं की शेवटचं ‘.पीडीएफ’ हरवतं, आणि कशाने उघडायचं हे न कळल्याने कॉम्प्युटर फाइलीलाच नाकारतो. नाव बदलून शेवटी ते चार वर्ण पुन्हा लावले की झालं.

काही फाइलींवर उगाच आळ येतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला लेख उघडतो, पण पानभर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडकाला दिसतो. मराठी संपादकांना हे नवीन नाही. फाइलीला काही झालेलं नाही, तो फॉन्ट तुमच्याकडे नाही इतकंच. ‘विनमेल.डॅट’ नावाची फाइल आली तर आउटलुकने सगळ्या अटॅचमेंट आपल्या खासगी बांधणीत भरून पाठवल्या आहेत. पाठवणाऱ्याला पत्र ‘रिच टेक्स्ट’ऐवजी एचटीएमएलमध्ये पाठवायला सांगा. ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते, तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. आणि वर्डने ईमेलमधून आलेली फाइल खराब असल्याचा कांगावा केला, तर आधी ‘प्रॉपर्टीज’मध्ये खाली ‘अनब्लॉक’ची चौकट आहे का पाहा. बाहेरून आलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण लावतं आणि कधी कधी वर्ड त्या खुणेलाच बिचकतं. फाइल ओळखीच्या माणसाकडून आल्याची खात्री असेल तरच ती खूण काढा.

एवढं करूनही कारण सापडेना, तर पाठवणाऱ्याला फाइल झिप करून पुन्हा पाठवायला सांगा. झिप आतल्या प्रत्येक फाइलीसोबत ३२ बिटांचा एक तपासणी-आकडा ठेवते. एक बिट जरी हलला तरी उघडताना तो आकडा जुळत नाही आणि नेमकी कुठली फाइल बिघडली ते कळतं. झिप बिनतक्रार उघडली आणि आतली पीडीएफ तरीही उघडत नसेल, तर वाट निर्दोष आहे. पाठवणाऱ्याने ती स्वतःच्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून पाहावी.